मुळांना हवा, मग पाणी: बादलीतली लिंबं, अंजीर आणि पेरू

हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय, खत विरघळवलेल्या पाण्यावर झाडं वाढवणं, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या पाइपांतून डोकावणारी लेट्यूसची रांग येते. रोप लावलं, महिना-दीड महिन्यात कापलं, पाइप धुतला, पुन्हा लावलं. मी लावते ती झाडं. लिंबू, कमक्वाट (सालीसकट खातात ते इवलंसं संत्र्यासारखं फळ), अंजीर, पेरू. सगळी उपोष्ण कटिबंधात रमणारी, खोड लाकूड होणारी आणि वर्षानुवर्षं त्याच बादलीत राहणारी. पालेभाजीत बिनसलं तर एक लावणी जाते. झाडाची मुळं बिघडली, तर ते वर पानांत दिसायलाच कित्येक आठवडे लागतात आणि सावरायला एखादा हंगाम. म्हणून माझी सगळी मांडणी एकाच गोष्टीभोवती उभी आहे, ती म्हणजे मुळांपाशी हवा खेळती ठेवणं. पाणी पोचवणं सोपं असतं, पंप ते करतोच. खरी मेहनत हवा पोचवण्यात आहे.

थोडे आकडे सांगते, कारण ते कळल्यावर माझा या पद्धतीकडे बघण्याचा रोखच बदलला. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू प्रतिलिटर विरघळतो. पाणी ३० अंशांवर गेलं की तोच साडेसातवर येतो. आणि एक लिटर हवेत? साधारण २८० मिलिग्रॅम. वर प्राणवायू हवेतून जितक्या झपाट्याने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. म्हणजे साचलेल्या पाण्यातल्या मुळाने आपल्याभोवतीचा प्राणवायू वापरला की नवा यायला वेळ लागतो, आणि उन्हाळ्यात नेमकी उलटी गंमत होते: पाणी गरम झाल्याने मुळांचा श्वास वाढतो, त्यांना प्राणवायू जास्त लागतो आणि पाण्यात तो कमी उरलेला असतो. पिथियम आणि फायटोफ्थोरा या मुळकुजीच्या रोगजंतूंना हीच वेळ सोयीची. त्यांचे बीजाणू पाण्यात चक्क पोहत मुळापर्यंत जातात.

लेट्यूस पाण्यावर तरंगत, खाली हवेचे बुडबुडे सोडून छान येतं. लिंबाच्या झाडालाही काही काळ तसं ठेवता येतं. पण कायमसाठी मला ते पटत नाही. एअर पंप बंद पडला की उन्हाळ्यातल्या दुपारी हाताशी फारच थोडे तास उरतात. त्यामुळे मी भरती-ओहोटीची पद्धत धरली. बादलीत मातीच्या भाजलेल्या गोळ्या, म्हणजे क्ले बॉल्स. पंप सुरू झाला की द्रावण तळातून वर चढतं, ठरलेल्या उंचीला ओव्हरफ्लोच्या नळीतून परत टाकीत पडतं. पंप बंद झाला की सगळं द्रावण आल्या वाटेने खाली उतरतं आणि उतरताना वरून ताजी हवा गोळ्यांच्या फटींत ओढून घेतं. प्रत्येक भरतीमागे मुळांभोवतीची शिळी हवा बाहेर आणि नवी आत. यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, उतरणारं पाणीच ते काम करतं.

बांधणी अशी. प्रत्येक झाडाला २० लिटरची झाकणाची बादली, खाद्यपदार्थांसाठी वापरतात त्या प्रतीच्या प्लास्टिकची. बाहेरून आधी काळा रंग आणि त्यावर पांढरा. काळा उजेड अडवतो, पांढरा ऊन परतवतो. उजेड आत गेला की शेवाळ धरतं, आणि दुसरं नुकसान लगेच डोळ्यांना दिसत नाही: चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह, उजेडात विघटित होतं. टाकी पारदर्शक असेल तर आपण घातलेलं लोह झाडाच्या वाट्याला येण्याआधीच जातं. टाकी १०० लिटरची, जमिनीलगत, सावलीत. बादल्या तिच्यावर चौकटीत, म्हणजे परतीला गुरुत्व पुरतं. बादलीच्या बुडाला दोन टँक निपल (भोकात बसवून नळी जोडायचे तुकडे): एकातून पाणी येतं आणि जातं, दुसऱ्यात ओव्हरफ्लोची उभी नळी. या उभ्या नळीभोवती मोठ्या व्यासाच्या पाइपचं भोकं पाडलेलं कवच, गोळ्या आणि मुळं आत शिरू नयेत म्हणून. कवच वरून उपसून काढता येईल असंच ठेवायचं. पितळेच्या आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या जोडण्या मी कुठेही लावत नाही. द्रावण किंचित आम्लधर्मी असतं, ते तांबं आणि जस्त सुटवून घेतं आणि तेच द्रावण पुन्हा पुन्हा फिरत राहतं.

गोळ्या ८ ते १६ मिलिमीटरच्या. भरपूर धुवायच्या, लाल गाळ निघून पाणी नितळ होईपर्यंत. नव्या गोळ्या पीएच वर ढकलतात, त्यामुळे झाड बसवण्याआधी त्या आम्ल घातलेल्या पाण्यात भिजत ठेवते आणि पाण्याचा पीएच टिकायला लागला की वापरते.

ओव्हरफ्लोची उंची फार महत्त्वाची. वरच्या पाच-सहा सेंटिमीटरच्या गोळ्या कायम कोरड्या राहिल्या पाहिजेत. लिंबाचं खोड बुंध्याशी सतत ओलं राहिलं की डिंक्या लागतो. साल भेगाळते, त्यातून डिंक ओघळतो, आणि त्यामागे तोच फायटोफ्थोरा असतो. कलमाचं झाड असेल तर कलमाचा जोड गोळ्यांच्या बराच वर हवा.

टायमर दिवसा दर दोन-अडीच तासांनी पंप लावतो, तोही भरती पूर्ण होऊन थोडं वाहील इतकाच वेळ. रात्री एकच फेरी. कडक उन्हात फेऱ्या वाढवते, ढगाळ हवेत कमी करते. वीज गेली तर? गोळ्या काही तास ओल धरतात आणि मुळांना हवा तर आहेच, त्यामुळे जीव टांगणीला लागत नाही. फार वेळ लागणार असं दिसलं तर टाकीतलं द्रावण लोट्याने वरून ओतायचं, कितीतरी वेळ निभावतं.

आई आयुष्यभर मातीत झाडं लावत आली. तिने ही बादल्यांची रांग पहिल्यांदा बघितली तेव्हा गोळ्यांत बोटं घालून चाचपून म्हणाली, "अगं, मातीत मूळ आपलं आपण सरकतं, जिथं बरं वाटेल तिथं जातं. इथं कुठं जाणार ते? सगळं तुझ्यावर आलं की." तिचं म्हणणं अगदी खरं आहे. मातीत चूक पचवायला जागा असते. माती क्षार धरून ठेवते, पीएच एकदम हलू देत नाही, आणि लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांना तर मातीतल्या मायकोरायझा बुरशीचा मोठाच आधार असतो. त्यांच्या मुळांवर केशमुळं मुळातच तोकडी, स्फुरद ओढून आणण्याचं बरंच काम ती बुरशी करते. द्रावणात स्फुरद विरघळलेलंच मिळत असल्यामुळे बुरशीवाचून अडत नाही, पण मग द्रावण सांभाळण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली.

कुठली झाडं घ्यावीत याबद्दल माझी मतं पक्की आहेत. बियांपासून वाढवलेलं लिंबू घेऊ नये. बियांच्या झाडाला बाल्यावस्था असते, ती संपेपर्यंत कित्येक वर्षं फूल येत नाही, आणि तोवर ते बादलीला पेलणार नाही इतकं वाढू पाहतं, काटेही भरपूर. फळत्या झाडाच्या फांदीची गुटी, म्हणजे झाडावरच मुळं फोडून घेतलेली फांदी, किंवा बुटक्या खुंटावरचं (कलमाच्या मुळांकडच्या भागाला खुंट म्हणतात) कलम घ्यावं. त्रिपर्णी संत्र्याचा फ्लाइंग ड्रॅगन नावाचा वाकड्यातिकड्या फांद्यांचा प्रकार आहे, त्याच्यावर कलम केलेलं झाड खरोखर ठेंगणं राहतं. त्रिपर्णी खुंट चुनखडीच्या जमिनीत लोहाअभावी पिवळा पडतो, क्षारही त्याला सोसत नाहीत. मातीत ही मोठी अडचण. बादलीत पीएच आणि क्षार दोन्ही आपल्या हातात असल्यामुळे उलट हाच खुंट इथे शोभतो.

मेयर लिंबू सुरुवातीला फार चांगलं. लिंबू आणि संत्र्याच्या कुळातल्या संकरातून आलेलं हे झाड अमेरिकी कृषी खात्यासाठी झाडं गोळा करणाऱ्या फ्रँक मेयर यांनी १९०८ साली चीनमधून अमेरिकेत नेलं. चीनमध्येही ते कुंडीतलं शोभेचं झाड म्हणूनच लावलं जायचं, म्हणजे मोजक्या जागेत राहायची त्याला सवयच आहे. कमक्वाट थंडी जास्त सोसतं आणि आकाराने आटोपशीर. अंजीर तर द्रावणात इतक्या जोमाने वाढतं की त्याला आवरणं हेच काम. साधं अंजीर परागीभवनाशिवाय फळतं आणि छाट कलमाने सहज लागतं. पेरू नव्या फुटीवर फुलतो, त्यामुळे छाटणी म्हणजेच फुलांची तयारी. अॅव्होकॅडो मी जाणूनबुजून लावलेलं नाही. त्याची मुळं फायटोफ्थोरापुढे टिकत नाहीत, क्लोराइड त्याला चालत नाही. ज्याला इतकं जपावं लागतं त्याला एकाच टाकीचं पाणी इतर झाडांबरोबर वाटून देणं मला योग्य वाटत नाही.

मातीतलं झाड धुऊन बादलीत बसवता येतं, पण मातीत वाढलेली मुळं पाण्याच्या राज्यात पूर्वीसारखी काम करत नाहीत. त्यातली बरीच गळून पडतात आणि नवी फुटतात. त्या काळात वरचा पसारा कमी करून झाड सावलीत ठेवावं लागतं. त्यापेक्षा गुटी सरस. फांदीवर साल काढून ओल्या शेवाळाने बांधलेल्या गाठीत पांढरी मुळं भरली की ती कापून थेट गोळ्यांत. मुळं कोवळी असतात, त्यांना जुन्या सवयी मोडायच्या नसतात. अंजिराच्या काड्या मी सरळ ओल्या पर्लाइटमध्ये (हलके, पांढरे खनिज कण) लावते. मुळं बोटभर झाली की बादली.

द्रावणाचं नाव घेतलं की होगलँड यांचं नाव येतंच. कॅलिफोर्निया विद्यापीठात डेनिस होगलँड आणि डॅनियल अर्नन यांनी १९३८ मध्ये पाण्यात झाडं वाढवण्याबद्दल एक पुस्तिका काढली. त्याआधी तिथल्याच विल्यम गेरिक यांनी द्रावणात २५ फूट उंचीचे टोमॅटोचे वेल वाढवून मोठी खळबळ उडवली होती. होगलँड आणि अर्नन यांनी शांतपणे तपासून सांगितलं की चांगल्या मातीपेक्षा द्रावणात पीक जास्त येतं असं काही नाही. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार आवडतो, आणि त्यांचं द्रावण आजही प्रयोगशाळांतून वापरात आहे. लिंबूवर्गीय झाडांना ते निम्म्या ताकदीने पुरतं. मी १०० लिटरला खताच्या प्रतीचं कॅल्शियम नायट्रेट ५३ ग्रॅम, १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट २५ ग्रॅम, ०:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट ७ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट २५ ग्रॅम घेते. यातून लिटरला कॅल्शियम १०० मिलिग्रॅम, नत्र शंभरीच्या थोडा वर, मॅग्नेशियम २४ आणि स्फुरद १५-१६ पडतं. लोह लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे ६ टक्क्यांचं ईडीडीएचए रूप (चिलेटेड लोहाचा एक प्रकार) असेल तर टाकीला साधारण ३.३ ग्रॅम. वर बोरॉन, मँगनीज, जस्त, तांबं आणि मॉलिब्डेनम यांचं तयार मिश्रण, पाकिटावर लिहिल्याच्या निम्म्या मात्रेत. बोरॉनच्या बाबतीत हात आखडताच ठेवावा, लिंबाला त्याचा जास्तीचा कण चालत नाही.

दाट साठा करून ठेवायचा असेल तर दोन वेगळे कॅन हवेतच. कॅल्शियम नायट्रेट एकात, सल्फेट आणि फॉस्फेट दुसऱ्यात. दाट अवस्थेत ते एकत्र आले की जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट तळाला बसतं, पांढरा गाळ होतो, आणि झाडाला त्यातलं काहीच मिळत नाही. टाकीत आधी पाणी पूर्ण भरायचं, मग एक कॅन, ढवळायचं, मग दुसरा.

पीएच साडेपाच ते साडेसहामध्ये. झाड जोमात वाढत असलं की पीएच हळूहळू वर सरकतो, कारण नायट्रेट आत घेताना मूळ त्याच्या बदल्यात पाण्याला अल्कधर्मी करतं. कॅल्शियम नायट्रेटच्या खतात थोडा अमोनियाच्या रूपातला नत्र असतो, तो उलट दिशेने ओढतो. पाणी जड असेल तर त्यातलं बायकार्बोनेट पीएच पुन्हा पुन्हा वर नेतं. तेव्हा मी पातळ केलेलं फॉस्फोरिक आम्ल वापरते, नेहमी पाण्यात आम्ल, कधीच आम्लात पाणी नाही, हातमोजे आणि चष्मा घालून. सायट्रिक आम्ल सुरक्षित वाटतं पण त्याचा असर टिकत नाही, सूक्ष्मजीव ते खाऊन टाकतात.

ईसी म्हणजे द्रावणाची वीजवाहकता, तिच्यावरून विरघळलेले क्षार किती ते कळतं. या ईसीचं मीटर मला सगळ्यात जास्त बोलकं वाटतं. ईसी चढत गेला तर झाड पाणी जास्त आणि क्षार कमी घेतंय, म्हणजे टाकीत साधं पाणी घालायचं. उतरत गेला तर त्याला भूक आहे, साठ्यातलं द्रावण घालायचं. लिंबाला वाढीच्या काळात मी १.२ ते १.६ मिलिसीमेन्समध्ये ठेवते. अंजीर याहून जास्त सहज पेलतं. पण मीटर एकूण क्षार सांगतं, कुठले ते सांगत नाही. झाडाला नको असलेलं सोडियम आणि क्लोराइड मागे साचत जातं आणि आकडा तोच दिसतो. म्हणून ठरावीक काळाने टाकी पूर्ण रिकामी करून नवं द्रावण भरणं टाळू नये. काढलेलं द्रावण मी मातीतल्या झाडांना देते.

आता मुळांबद्दल, कारण रोजचं बघणं तिथेच आहे. प्रत्येक बादलीच्या कडेला तळहाताएवढी खिडकी कापून आतून पारदर्शक पत्रा लावला आहे, वरून काळी झडप. झडप उघडली की गोळ्यांवरून उतरलेली मुळं दिसतात. निरोगी लिंबाच्या मुळाचं टोक मोत्यासारखं पांढरं आणि जाडसर असतं, मागचा भाग पिवळसर होत जातो. ईडीडीएचए रूपातल्या लोहाचा रंग गडद तांबडा असतो, तो मुळांवर चढतो. नवख्या माणसाला ही मुळं कुजलेली वाटतात. पारख रंगावर करायची नाही, बोटांवर करायची. एक बारीक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढायचं. निरोगी मूळ ताठ लागतं आणि तसंच राहतं. कुजलेल्याची बाहेरची साल सुटून बोटांत येते आणि आत केसाएवढी दोरी उरते. वासही सांगतो. चांगल्या बादलीला पावसाने नुकत्याच भिजलेल्या खडीचा वास येतो, बिघडलेलीला नासका. तसं काही वाटलं तर मी आधी फेऱ्यांमधलं अंतर वाढवते, टाकीचं पाणी थंड करते, म्हणजे टाकीवर सावली आणि बंद बाटल्यांतला बर्फ, आणि कुजलेला भाग कापून काढते. टाकी २० ते २४ अंशांत राहिली तर यातलं बहुतेक काही करावंच लागत नाही.

पानांचं वाचन त्यानंतर. नवी पालवी पिवळी आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी दिसली तर लोह. जुन्या पानाचा मधला आणि कडेचा भाग पिवळा होऊन देठाशी हिरवा त्रिकोण उरला तर मॅग्नेशियम. पाने लहान, टोकदार, शिरांमध्ये पिवळे पट्टे असतील तर जस्त. पण लोहाचा पिवळेपणा दिसला म्हणून लगेच लोह ओतायचं नाही. मी आधी पीएच बघते, मग खिडकीतून मुळं, आणि मग लोहाच्या डब्याकडे हात जातो. चिलेटेड लोहाच्या प्रकारांपैकी ईडीटीए रूपातलं लोह पीएच साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही, डीटीपीए सातच्या थोडं पुढे चालतं, ईडीडीएचए त्याच्याही बरंच पुढे. द्रावणात लोह आहे पण झाडाला मिळत नाही, असंच बहुतेकदा असतं. थंडीतही असाच पिवळेपणा येतो, कारण गार मुळं लोह उचलत नाहीत. १३ अंशांच्या खाली लिंबाची वाढ जवळजवळ थांबते. तेव्हा वाट बघायची, ऊब आली की पालवी आपोआप हिरवी होते.

फुलांचा विषय माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा. लिंबूवर्गीय झाड थंडीने किंवा पाण्याच्या ताणाने फुलोऱ्यावर येतं. मातीत बागायतदार पाणी तोडतात, झाडाला ताण देतात, मग पाणी सोडतात आणि बहार धरतात. बादलीतल्या झाडाला दर दोन तासांनी जेवण मिळतं, ताण ठाऊकच नसतो, आणि ते पालवीमागून पालवी फेकत राहतं. थंडी पुरेशी पडली तर प्रश्नच नाही. पडली नाही तर ताण द्यावा लागतो, आणि इथे फार जपून राहावं लागतं. मातीत ओल हळूहळू उतरते, झाड स्वतःला आवरून घेतं. गोळ्यांत ती झपाट्याने संपते. पंप सरळ बंद ठेवला तर एकाच तापलेल्या दिवसात कोवळी मुळं वाळून जातात. मी फेऱ्या पायरीपायरीने कमी करत नेते. मापदंड एकच, पानं. दुपारी पानाच्या कडा किंचित वर वळल्या पाहिजेत आणि सूर्य कलल्यावर ती पुन्हा सपाट झाली पाहिजेत. सकाळीही वळलेलीच दिसली तर ताण जास्त झाला, लगेच एक फेरी द्यायची. या काळात नत्रही कमी ठेवते, पोटॅश थोडं वाढवते. फेऱ्या पूर्ववत करताना आधी साधं पाणी, मग पातळ द्रावण, मग नेहमीचं. त्यानंतर पानांच्या बगलेत जांभळट कळ्या दिसू लागल्या की मला दिवसभर दुसरं काही सुचत नाही.

फुलांतली फारच थोडी फळं धरतात, शंभरात एखाद-दोन. वाटाण्याएवढी झालेली फळंही झाड स्वतःहून टाकतं. ती गळ बघून द्रावणात ढवळाढवळ करायची नाही, झाडाला आपला भार कळतो. नवीन झाडावर तर उरलेल्यातलीही मी काढते आणि बोटांवर मोजण्याइतकी ठेवते. हलक्या गोळ्यांत उभ्या असलेल्या झाडाला फळांचं ओझं आणि वारा दोन्ही पेलत नाही. खोडाला आधार द्यायचा तो बादलीला बांधून उपयोग नाही, चौकटीला बांधावा.

अंजिराचं वेगळंच. त्याची मुळं वाट दिसेल तिथे शिरतात, आणि सगळ्यात आवडती वाट म्हणजे पाणी जायची नळी. ओव्हरफ्लोचं कवच वरून उपसता यावं असं मी वर लिहिलं ते मुख्यतः अंजिरासाठी. दर काही आठवड्यांनी कवच काढून त्याच्या भोकांतून आत आलेली मुळं कात्रीने साफ करते. थंडीत अंजीर पानं टाकून झोपतं, तेव्हा त्याची तहान जवळजवळ नाहीशी होते. फेऱ्या दिवसाला एक-दोन आणि द्रावण अगदी पातळ, एवढंच.

आणि म्हणूनच एका टाकीवर सगळी झाडं ठेवणं मी आता थांबवणार आहे. झोपलेलं अंजीर, थंडीतही पानं धरून असलेलं लिंबू आणि छाटणीनंतर खायला उठलेला पेरू यांचं एकाच द्रावणात जमत नाही, कुणाला तरी सतत तडजोड करावी लागते. शिवाय एका बादलीत मुळकूज शिरली तर तेच पाणी तिला सगळ्यांकडे घेऊन जातं. पुढच्या मुळांच्या छाटणीच्या वेळी, म्हणजे झाडं बादलीतून बाहेर काढून बुडाशी गुंडाळलेल्या मुळांचा पाव भाग कापेन आणि त्याच हिशेबाने वरच्या फांद्याही कमी करेन तेव्हा, लिंबू आणि कमक्वाट एका टाकीवर, पेरू दुसरीवर आणि अंजीर त्याच्या एकट्याच्या छोट्या टाकीवर जाईल. टाक्या रंगवून वाळत ठेवल्या आहेत. एक पंप अजून हवा, आणि अंजिराच्या नळीला या वेळी दुप्पट व्यासाचा पाइप लावणार आहे.